तेरा महिने माहेरी

काबाईने घडीचा कागद टेबलावर उलगडला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि प्रश्न मोजले. एकोणीस होते.

"बाकीच्या बायका दोन विचारतात," त्या म्हणाल्या. "त्यातला एक नवऱ्याचा असतो."

"यातले अकरा माझे नाहीत. आमच्या आत्यांचे आहेत. म्हणजे त्यांचे ते हुकूम होते, मी फक्त पुढे प्रश्नचिन्हं लावली."

काबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाच वर्षांपूर्वी ती एका जुन्या छापखान्यात नावाची कार्डं छापून घ्यायला आली आणि दोन तास हलली नाही. अक्षरं उलटी का, हा खण मोठा आणि तो लहान का, शाई आधी लाटायची का. मालक अप्पा उत्तरं देऊन दमले आणि म्हणाले, "बाई, तू कामाला तरी ये, नाहीतर घरी तरी जा." ती कामाला आली. वर्षभरात अप्पांच्या मुलाशी लग्न करून वरच्या मजल्यावर राहायलाही आली. नाव मात्र पहिल्या दिवशी पडलं ते पडलं.

"कॉफी?" तिने वाचायला सुरुवात केली.

"दिवसाला दोन लहान कप. त्यावर रोज जाऊ नका."

"डाव्या कुशीवरच झोपायचं?"

"शेवटचे महिने कुशीवर झोपा. डावी की उजवी यावरून घरात भांडणं नकोत. जाग आली आणि उताण्या असलात तर घाबरायचं नाही, कूस बदलायची."

"दोन जिवांचं जेवायचं?"

"दुसरा जीव सध्या लिंबाएवढा आहे. त्या मानाने वाढून घ्या."

मांजर ठेवायला हरकत नव्हती, फक्त तिची घाण दुसऱ्याने काढायची. केसांना रंग लावायचा तर खिडकी उघडी ठेवून. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर घेतल्यासारखी होत नाही. अंडं नीट शिजलेलं. चालणं रोज. असं करता करता कागदाची तळाची ओळ आली.

"जिना?"

"चढा की. जिन्याने कुणाचं मूल जात नाही. कठडा धरा म्हणजे झालं." डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. "आता माझा एक प्रश्न. तुम्ही दिवसभर करता काय?"

"जुळारी आहे. छापखान्यात."

"म्हणजे कॉम्प्युटरवर?"

"छे, हाताने. खणांतून एकेक अक्षर वेचायचं आणि ओळ लावायची. जुन्या पद्धतीचं काम आहे, हौशी लोक मुद्दाम करून घेतात."

"अक्षरं कशाची असतात?"

"शिशाची. झिजली की अप्पा मागच्या अंगणात कढईत वितळवून त्यांच्या पट्ट्या ओततात. तेव्हा मी..."

ती बोलता बोलता थांबली, कारण डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी एक नवा कागद ओढला आणि त्यावर रक्ताची एक तपासणी लिहिली. एकोणीस प्रश्नांत हा विसावा कसा सुटला, याचं काबाईला घरी जाईपर्यंत नवल वाटत राहिलं.

घरी सासूबाई ओट्याशी वाटाणे सोलत होत्या. त्या मुळात कमी बोलणाऱ्या. काबाईने एकेक उत्तर सांगितलं, त्या मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जिन्याचं काय म्हणाल्या?"

"चढा म्हणाल्या. त्याने काही होत नाही."

"अस्सं." चार शेंगा सोलून झाल्या. मग पुन्हा, जणू आधी विचारलंच नव्हतं, "जिन्याने काही होत नाही, असं म्हणाल्या?"

"हो आई. का?"

"काही नाही," असं म्हणून त्यांनी टरफलं गोळा केली.

तपासणीचा निकाल शुक्रवारी आला. रक्तातल्या शिशाचा आकडा आठ होता. पाचाच्या वर गेला की आम्ही लक्ष घालतो, असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. घाबरण्याइतका नाही, पण कानाडोळा करण्याइतकाही नाही. शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. खिळ्यांच्या, म्हणजे त्या शिशाच्या अक्षरांच्या, खोलीत पाऊल टाकायचं नाही. घरातल्यांनी कामाचे कपडे आणि चपला खालीच ठेवून, हातपाय धुऊन वर यायचं. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. दूध, लोह, वेळेवर जेवण. आणि घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायचं.

या "सगळ्यांनी"वरून रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी सगळं घर बसलं. आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडून मुद्दाम आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण या घरात काही ठरतंय आणि आपण नाही, असं तिच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत कधी झालं नव्हतं.

"आमच्या तीन पिढ्या शिशात जगल्या," अप्पा म्हणाले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर खिळे धरून धरून चपटं झालं होतं, आणि बोलताना ते त्याच अंगठ्याने टेबल पुसत असत. "आजोबा एक्क्याऐंशीला गेले. तेही पाय घसरून."

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. "हल्लीचे डॉक्टर काहीतरी शोधून काढल्याशिवाय सोडत नाहीत. माणूस निरोगी निघाला तर त्यांना अपमान वाटतो."

"आत्या, आकडा आहे," काबाईचा नवरा म्हणाला. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. तो एकुलता एक होता, मग धाकटा कुणापेक्षा, हे काबाईने लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. तेव्हा सासूबाई उठून गेल्या होत्या आणि प्रश्न तिथेच राहिला होता.

"आकडा मलाही दिसतो," अप्पा म्हणाले. "हिला खाली येऊ नको म्हणा, मी कबूल आहे. पण खोली बंद करायची, सगळ्यांनी सुया टोचून घ्यायच्या, हे कशाला? पुढच्या महिन्यात त्या कवितांच्या पुस्तकाचं काम द्यायचंय. ऐंशी पानं. जुळवणार कोण?"

"मी जुळवेन," धाकटा म्हणाला.

"आणि तेच हात घेऊन वर येशील," काबाई म्हणाली.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला. दोन डगरींवर पाय ठेवण्यात त्याचा हातखंडा होता. लहानपणापासूनची सवय.

काबाईला वाद घालायचा नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं. तिने सासूबाईंकडे खुर्ची वळवली.

"आई, तुम्हीही जुळणी करायचात ना? किती वर्षं?"

"अठरा," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झालं त्या महिन्यापासून. मग डोळे अधू झाले."

"तुम्ही कसं करायचात? मी करते तसंच?"

"तुझ्यापेक्षा भराभर." बोलताना त्यांचा चेहरा थोडा उजळला. "दोन शब्दांमध्ये भरायच्या बारीक चिपा असतात ना, त्या मी ओठांत धरायची. हात रिकामे राहतात. सगळेच धरायचे. जेवण तिथेच, खणांच्या कडेवर डबा ठेवून. धूळ बसली की फुंकायची."

"ओठांत," काबाई म्हणाली.

"गोडसर लागतं ते. तुला माहीत नसेल."

मग आत्या म्हणाली, "त्याचं काही नाही. हिची तीन गेली ती हिच्या हट्टाने. मी तेव्हाही सांगत होते. दिवसातून दहादा जिना. काळी कॉफी. पाचव्या महिन्यात कपाटावरचा डबा काढायला स्टुलावर चढली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

काबाईला ही पोटातच गेलेली तीन मुलं ऐकून ठाऊक होती, पण ओझरती. कुणी त्यांचं वाक्य पुरं करत नसे. धाकटा कुणापेक्षा, ते आता तिला कळलं.

"तिन्ही वेळा तुम्ही खाली कामाला होतात, आई?"

"हो. तिन्ही वेळा."

"आणि याच्या वेळी?"

"याच्या वेळी मी माहेरी होते. दुसरा महिना होता, तेव्हाच वडील अंथरुणाला खिळले म्हणून गेले. याला सहा महिन्यांचा घेऊन आले."

"म्हणजे तेरा महिने."

"तेरा."

"तेच सांगते," आत्या म्हणाली, "माहेरी आराम मिळाला. इथे मी कानीकपाळी ओरडत होते की आराम कर, तर ऐकलं नाही."

"आराम कसला, वन्सं. वडिलांचं सगळं मीच करत होते. आणि तिथे तर तीन जिने होते."

हे सासूबाईंनी अगदी साधेपणाने सांगितलं. काबाई मनात महिने मोजत होती. एखादी ओळ लांबीला बसत नसली की ती अशीच बोटं हलवत असे.

"तुमचे वडील किती दिवस होते, आई?"

"दोन महिने. त्यातच गेले."

"मग उरलेले अकरा महिने तुम्ही तिथे का राहिलात?"

"ह्यांचं पत्र आलं. घाई करू नकोस, मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत तिथेच राहा, इथलं मी बघतो." सासूबाईंनी अप्पांकडे पाहिलं. "मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वडील गेल्यावर आईजवळ राहू दिलं म्हणून. कुणाचा नवरा असं करत नव्हता."

अप्पांचा अंगठा टेबलावर थांबला होता.

"अप्पा," काबाईने विचारलं, "का राहू दिलंत?"

तिने ते कुठल्याही हेतूने विचारलं नव्हतं, हे पुढे ती धाकट्याला शपथेवर सांगत असे. जुळारीण नसताना छापखाना तेरा महिने कसा चालला असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण अप्पांचा चेहरा बघून तिला कळलं की आपण चुकून बरोबर दार उघडलं.

"जुने डॉक्टर होते आपले," अप्पा म्हणाले. ते बायकोशी बोलत होते, बाकीचे उठून गेल्यासारखे. "तुला आठवतात. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, खात्री नाही, पण पुढच्या वेळी हिला शिशापासून लांब ठेव."

"दुसऱ्या," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"तिसऱ्याच्या आधी."

"आधी. मी ठेवणार होतो. पण तेव्हाच शाळेच्या पुस्तकाचं काम आलं. जुळारी तिघं, त्यांत तू सगळ्यांत भरभर. म्हटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, आणि डॉक्टर तरी कुठे खात्रीने बोलतायत. मग... मग चौथ्या वेळी तुझ्या वडिलांचं निमित्त झालं. मी तुला येऊच दिलं नाही."

"मला सांगितलं का नाहीत?"

"चौथ्याचं सांगितलं असतं तर तिसऱ्याचंही सांगावं लागलं असतं."

सासूबाई रडतील असं काबाईला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी कपाळाला आठी घातली, एखादी ठेवलेली वस्तू आठवावी तशी.

"भूगोलाचं पुस्तक ना ते? तिसरीचं?"

"हो."

"त्यात नद्यांचं एक पान होतं. मी ते दोनदा जुळवलं. पहिल्यांदा उचलताना सगळं सांडलं, आणि तुम्ही म्हणालात, असू दे, परत लाव. मी रात्रभर लावत होते."

अप्पांनी मान खाली घातली. आणि त्या घरात जे कधी झालं नव्हतं ते झालं. आत्या भावावर उलटली.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चाळीस वर्षं मी हिला जिन्यावरून बोलतेय. सणवार नाही, पाहुणे नाहीत, बघितलं नाही. आणि तू तिथेच बसलेला असायचास. एकदा तरी म्हणायचंस, ताई, गप्प बस. माझ्या तोंडाआड लपलास होय रे?"

"ताई..."

"गप्प बस आता. तेव्हा बसलास तसा."

तिने आपली पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली. सासूबाईंच्या खुर्चीमागे उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हे तिला येत नव्हतं. "उद्या ते रक्त तपासायला जाणार असशील," ती म्हणाली, "तर मी येते सोबत. सुईला तू घाबरतेस."

"मी नाही घाबरत, वन्सं. तुम्ही घाबरता."

"बरं, मी घाबरते. पण येते."

पुढे महिनाभर घर वेगळ्याच चालीने चाललं. खिळ्यांची खोली बंद झाली. कवितांच्या पुस्तकाच्या गिऱ्हाइकाला काबाईने स्वतः फोन करून खरं ते सांगितलं; तो भला माणूस निघाला, अक्षरं प्लेटवर उमटवून छापू म्हणाला, फक्त कागद तोच हवा. धाकट्याने दोन डगरींवरून उतरून एकदाची बाजू घेतली आणि चार दिवस गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने जिन्यापासून मशीनपर्यंत फरशी पुसली. कढई कुणी हलवली ते कळलं नाही, पण अंगणातून ती गेली.

निकाल एकेक करत आले. काबाईचा आकडा सहावर उतरला होता. धाकट्याचा बारा. अप्पांचा एकतीस, आणि तो कागद त्यांनी कितीतरी वेळ हातात धरला. हल्ली हाताला कंप का येतो आणि पोट का दुखतं, याची वेगवेगळी कारणं ते कित्येक वर्षं स्वतःला देत आले होते. सासूबाईंचा चार.

"मग माझं काही नाही?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "तेव्हाचं नाही कळणार?"

"रक्तात हल्लीचंच दिसतं. जुनं हाडांत जाऊन बसतं. तेव्हा काय झालं ते आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही." डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. "मूल राहत नाही त्याला शंभर कारणं असतात, आणि पुष्कळदा एकही सापडत नाही. पण तुम्ही जे सांगता, ओठांत धरणं, तिथेच जेवणं, त्यावरून शिशाने झालं असणं शक्य आहे. जिन्याने नाही. कॉफीच्या एखाद्या कपाने नाही. एवढं नक्की सांगते."

सासूबाईंनी ते घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांची विचारपूस सुरू झाली. आयुष्यभर ज्या बाईने कधी कशाचं कारण विचारलं नव्हतं, ती काबाईच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. बाळ गिळतं का गं? त्याला उजेड कळतो का? उचकी लागते म्हणतात ती खरी का? काबाई पुस्तकात बघून सांगायची. काही उत्तरं पुस्तकात नसायची, ती दोघी मिळून कागदावर लिहून ठेवायच्या.

अप्पांशी मात्र त्या कामापुरतंच बोलत होत्या. गोळी घेतली का. दार लावा. तुमचा चष्मा खिडकीत आहे. अप्पा प्रत्येक वेळी मान वर करायचे, पुढे आणखी काही येईल म्हणून, आणि येत नसे.

पाचव्या महिन्याच्या तपासणीला काबाई सासूबाईंना घेऊन गेली. धाकटा घरी रंगकामाला आलेल्या माणसांपाशी थांबला होता. अप्पा न विचारता गाडीत येऊन बसले आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर थांबले.

आतल्या खोलीत अंधार होता. पडद्यावर आधी नुसतं धुकं दिसलं, मग त्यातून पाठीचा कणा निघाला, सरळ, बारीक, एकेक मणका वेगळा. डॉक्टरीणबाई एकेक दाखवत गेल्या. हे डोकं. हे हृदय, चारही कप्पे छान. हा हात, आता तोंडाशी नेतंय बघा. सगळं जिथल्या तिथे होतं. काबाईच्या मनात एकही प्रश्न आला नाही, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं असेल.

प्रश्न सासूबाईंनी विचारला.

"केवढं असतं हो या महिन्यात? खरोखरचं?"

"डोक्यापासून टाचेपर्यंत वीतभर. थोडं जास्तच."

"वीतभर," सासूबाई म्हणाल्या. "मला तेव्हा बघू दिलं नव्हतं. बघू नये म्हणाले."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र जागच्या जागी धरलं. पडद्यावरचं मूल हललं नाही, की त्यांनी ते हलू दिलं नाही, कोण जाणे. सासूबाईंनी उजवा हात उचलला, बोटं ताणून वीत केली आणि पडद्याच्या उजेडात ती बघत राहिल्या. मग तशीच वीत धरून, हात न मिटता, त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

दार उघडंच राहिलं होतं. काबाईला पडल्या पडल्या बाकडं दिसत होतं. अप्पा उठायला लागले, पण सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्यामुळे पुन्हा बसले. त्यांनी तो हात अप्पांच्या समोर धरला.

"एवढं असतं," त्या म्हणाल्या. "पाचव्या महिन्यात."

अप्पा त्या हाताकडे पाहत राहिले. करंगळीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत, पुन्हा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"तिन्ही?" त्यांनी विचारलं.

"पहिलं. बाकीची याहून लहान."

सासूबाईंनी बाकड्याकडे बघितलं, मधली जागा सोडून टोकाला बसल्या आणि हात मांडीवर तसाच उघडा ठेवला. बऱ्याच वेळाने अप्पांनी आपला चपट्या अंगठ्याचा हात पुढे केला, त्या वितीपासून थोडा अलीकडे थांबवला आणि बाकड्यावर टेकवला. सासूबाईंनी तो पाहिला. त्यांनी आपला हात काढून घेतला नाही.